सुरी हातात धरून घ्यावी, दगड घरी मागवावा

फोंड्याहून एका ताईंनी विचारले आहे: "घरगुती डबे सुरू केले आहेत, रोज बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक असतो. आदोळीवर (विळीवर) बसून गुडघे धरतात, म्हणून ओट्यापाशी उभ्याने कापायला चांगली सुरी हवी. ऑनलाइन आठ सुऱ्यांचा 'दमास्कस' संच दोन हजारांत दिसतो आहे. मडगावचे दुकानदार म्हणतात, एकच घ्या पण बघून घ्या. धार लावायचा दगड कोणता घ्यावा, आणि कुठून? सगळे मिळून पाच हजारांत बसवायचे आहे."

ताई, आधी उत्तर सांगते, कारणे मागाहून. संच घेऊ नका. एक मोठी सुरी आणि एक लहान सुरी घ्या, दोन्ही दुकानातून, हातात धरून. दगड ऑनलाइन मागवा. आणि पाच हजारांतले निदान दीड-दोन हजार दगडासाठी बाजूला काढूनच घरातून निघा. बहुतेक घरांत सगळे पैसे सुरीवर जातात आणि दगड राहून जातो. मग सहा महिन्यांनी चार हजारांची सुरी आणि चाळीस रुपयांची सुरी, दोन्ही टोमॅटोच्या सालीवरून सारख्याच घसरतात.

मी अकरा वर्षे कळंगुटला हॉटेलच्या स्वयंपाकघरात होते. गेली सतरा वर्षे डिचोलीत माझे केटरिंग आहे. मुंजी, लग्ने, चवथीचे जेवण, सगळे करते. सुऱ्या दुकानातून घेतल्या, बाजारातून घेतल्या, ऑनलाइन मागवल्या, लोहाराकडून करवून घेतल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. सुरी आणि दगड या खरेदीच्या दृष्टीने अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत.

दगडावर त्याच्या बारीकपणाचा आकडा असतो, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. चांगल्या कंपनीचा १००० नंबरचा दगड माझ्या हातात जसा चालतो तसाच तुमच्या हातात चालेल. तो आधी धरून पाहायची गरज नाही. सुरीचे तसे नाही. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची सुरी घेतली तरी नगागणिक फरक असतो. एकदा म्हापशाला मी एकाच मॉडेलच्या तीन सुऱ्या काउंटरवर मांडून घेतल्या. एकीचे पाते टोकाकडे किंचित डावीकडे झुकलेले, दुसरीची मूठ पोलादाला नीट भिडलेली नाही, तिसरी सरळ. तिन्हींचा दर एकच. ऑनलाइन मागवली असती तर तिन्हींपैकी कोणती माझ्या वाट्याला आली असती?

आता दुकानात गेल्यावर काय बघायचे ते.

सुरी डोळ्यासमोर धरा, टोक समोर, पाठ वर, आणि एक डोळा मिटून पाठीवरून सरळ टोकाकडे पाहा. पाते कुठे वळले असेल तर लगेच दिसते. मग धारेची बाजू काचेच्या काउंटरवर हलकेच टेकवा. मुठीजवळच्या भागात पाते आणि काच यांच्यामधून उजेड दिसत असेल तर ती सुरी ठेवून द्या. त्या जागी पाते जास्त घासले गेले आहे, आणि तिथे कोथिंबीर कधीच पूर्ण कापली जाणार नाही, काड्या एकमेकींना लटकून राहतील.

मूठ पाहताना नखाचा उपयोग करा. मूठ आणि पोलाद जिथे मिळतात तिथून नख फिरवा. नख अडकले तर फट आहे. कोरड्या हवेच्या गावात अशी फट चालून जाईल, आपल्याकडे चालत नाही. जून ते सप्टेंबर त्या फटीतले पाणी वाळतच नाही. आत गंज धरतो, लाकूड फुगते आणि दुसऱ्या पावसात रिव्हेट हलायला लागते.

पकड अशी तपासा. मूठ पूर्ण मुठीत न धरता अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पात्याची मुठीजवळची जागा धरा, बाकीची तीन बोटे मुठीभोवती. रोज दोन किलो कांदा कापणारा माणूस अशीच धरतो, कारण मग जोर मनगटावर येत नाही. या पकडीत पाठीचा काठ तर्जनीला टोचतो का ते बघा. टोचत असेल तर तुमच्या पंधरा माणसांच्या स्वयंपाकात आठवडाभरात तिथे घट्टा पडेल. आणि सुरी फळीवर टेकवली तर मुठीखाली बोटांची पेरे राहायला जागा आहे का, तेही पाहा. बाईच्या हाताला आठ इंची पाते जड वाटेल असे दुकानदार सांगतात आणि सहा इंची पुढे करतात. ऐकू नका. कोबी आणि भोपळा कापायला आठ इंचच लागतात.

शेवटची गोष्ट, पर्समध्ये फ्रिजला लावायचा लोहचुंबक घेऊन जा. पुष्कळ लोकांना वाटते की चुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल स्टेनलेस. जेवणाच्या ताटाच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. सुरीच्या बाबतीत उलट आहे. ताटाचे जे स्टील चुंबकाला दाद देत नाही, ते तापवून पाणी देऊन कडक होतच नाही, म्हणून त्याला धार टिकत नाही. सुरीच्या पात्याला चुंबक टक्कन चिकटला पाहिजे. मी काउंटरवर चुंबक काढला की काही दुकानदार नाराज होतात. पण एका वयस्क दुकानदाराने स्वतःच्याच कपाटातल्या चार सुऱ्या माझ्यादेखत बाजूला काढल्या आणि म्हणाला, "हातांत धरून पळय बाय, मागीर घे." (हातात धरून बघ बाई, मग घे.) मी अजून त्याच्याकडेच जाते.

आणि दुकानात बसून तपासलेली सुरी दुकानातूनच घ्या. तिथे हात लावून बघायचे आणि दीडशे रुपये कमी म्हणून घरी येऊन फोनवरून मागवायचे, हे मला पटत नाही. ज्याने तीन नग मांडून दाखवले त्याच्याकडे रिव्हेट सैल झाल्यावर जाता येते. मी गेले आहे, आणि त्याने काही न बोलता बदलून दिली आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात लोहाराच्या हातच्या सुऱ्या, कोयत्या आणि आदोळ्या घेऊन बसलेले लोक भेटतात. त्यांना कमी लेखू नका. यातली पुष्कळ पाती ट्रकच्या कमानपट्ट्यांपासून केलेली असतात. त्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो, आणि पाणी नीट दिले असेल तर धार सुंदर येते. पाणी दिले आहे का हे बघायला छोटी कानस न्या आणि मुठीजवळच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवा. कानस घसरत गेली तर पाते कडक आहे, लगेच कीस काढू लागली तर मऊ. मात्र हे गंजणारे पोलाद आहे. कैरी, कोकम, कच्चे केळे, नीरफणस यांनी ते काळे पडते आणि कैरीच्या फोडीला लोखंडाची चव येते. डब्याच्या घाईत प्रत्येक वेळी पाते पुसून कोरडे ठेवणे तुम्हाला जमणार असेल तरच घ्या. मासळीसाठी माझ्याकडे अशीच एक आहे, बारा वर्षांची.

आता तो आठ सुऱ्यांचा संच. खऱ्या दमास्कस पद्धतीच्या सुरीत मधला गाभा कडक पोलादाचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ पोलादाचे थर जोडलेले असतात. आम्लाने उजळल्यावर त्या थरांच्या लाटा दिसतात. दोन हजारांत अशा आठ सुऱ्या होऊच शकत नाहीत. मी एकदा "६७ थरांची" म्हणून एक मागवली होती. महिनाभरात भांडी घासायच्या पावडरीने त्या लाटा मुठीजवळून पुसट होत गेल्या. नक्षी नुसती वरून उमटवलेली होती. खऱ्या लाटा घासून फिक्या झाल्या तरी पोलादातच असतात, पुन्हा उजळता येतात. परत घ्या म्हटल्यावर विक्रेत्याने वापरलेली वस्तू म्हणून हात वर केले.

"जर्मन स्टील" आणि "हाय कार्बन" या शब्दांवरही जाऊ नका. झोलिंगेन हे सुऱ्यांच्या शहराचे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेले आहे, पण "जर्मन स्टील" एवढे शब्द कुणीही कुठल्याही पात्यावर छापू शकतो. पोलादाचे नेमके नाव, रॉकवेल कडकपणा (पोलाद किती कडक आहे ते सांगणारा आकडा), पात्याच्या पाठीची जाडी, ग्रॅममध्ये वजन, मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता, एवढे जिथे लिहिलेले नाही तिथून सुरी घेऊ नये. मूळ देश दाखवणे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहेच. काही फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक जवळ ठेवा. अभिप्राय वाचायचे असतील तर पाच तारेवाले सोडा, ते बहुधा पार्सल उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात. सहा महिने वापरून लिहिलेला एक तारेचा अभिप्राय शोधून वाचा.

एक अपवाद आहे. जी सुरी तुम्ही आधी धरली आहे, मैत्रिणीच्या ओट्यावर आठवडाभर वापरली आहे, तीच हुबेहूब हवी असेल तर ऑनलाइन खुशाल मागवा. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा आणि काचेवर टेकवून पाहीपर्यंत तिने काही कापू नका.

जपानी सुरीचा मोह अनेकांना होतो, आणि तुमच्या बजेटच्या जरा वर एखादी दिसेलही. म्हणून माझ्या बाबतीत घडलेले सांगते. माझ्याकडे व्हीजी-१० पोलादाची एक सुरी होती. त्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियम असते, कडकपणा रॉकवेलवर ६०च्या आसपास. नेहमीच्या युरोपीय सुऱ्या ५५ ते ५८च्या असतात. ६०ची धार कांद्यात अशी जाते की डोळ्यांत पाणी कमी येते, कारण कांदा चिरडत नाही, कापला जातो. चवथीला दोनशे पानांचे खतखते होते. सुरण, कणंगा, कच्ची केळी, शेवगा, आणि मक्याची कणसे. मी नारळाच्या रसाकडे बघत होते, तेवढ्यात मदतीच्या मुलाने जवळ दिसली ती सुरी उचलली आणि कणसावर मारून त्याचे तुकडे करायला सुरुवात केली. तिसऱ्या कणसाला धारेतून तांदळाच्या दाण्याएवढी कपची उडाली. ती कपची कुठे गेली हे शोधायला मी त्या पातेल्यातली सगळी कणसे आणि सुरण टाकून दिले. दोनशे माणसांच्या जेवणात पोलादाचा तुकडा असू शकतो ही कल्पनाच सहन होत नाही. सुरी दुरुस्त करायला खरखरीत दगडावर दोन संध्याकाळी गेल्या.

त्या मुलाची चूक नव्हती. कडक पोलाद ठिसूळ असते, आणि आपल्या स्वयंपाकात विसवणीचा काटा, कणीस, फणसाची आठळी, सुकी खोबऱ्याची वाटी हे सगळे एकाच सुरीखाली येते. तुमच्याकडे हाताखाली कुणी येणार असेल तर ५६-५८ची सुरी घ्या. ती बोथट लवकर होईल, पण तुटणार नाही, आणि बोथट झालेली धार दगडावर पंधरा मिनिटांत परत येते.

आता दगड. खरे तर तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच.

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात जो काळपट दुहेरी दगड मिळतो, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक, तो कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसनने त्याचे पेटंट १८९३ मध्ये घेतले आणि आज तो आपल्या प्रत्येक सुताराच्या पिशवीत असतो. चांगला दगड आहे, स्वस्त आहे, पटाशीला आणि कोयत्याला उत्तम. पण त्याची "फाइन" म्हटलेली बाजूसुद्धा स्वयंपाकाच्या सुरीला बरीच जाडी पडते. धार येते, पण करवतीसारखी. टोमॅटो कापला जाईल, कांदा मात्र चिरडेल आणि कोथिंबीर काळी पडेल.

तुम्हाला हवा तो पाण्यावरचा दगड, जपानी मापाचा १००० नंबर. गोव्यातल्या दुकानांत मला तो सहज मिळालेला नाही. इथे गिऱ्हाईक सुतार आणि शेतकरी, त्यांना हा लागत नाही, म्हणून दुकानदार ठेवत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून हा ऑनलाइन मागवायचा. किंग, नानिवा, सुएहिरो, शॅप्टन ही जपानी नावे खात्रीची. एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा दुहेरी दगड मिळतो, पण पैसे अपुरे पडत असतील तर नुसता १००० घ्या. डब्याच्या स्वयंपाकाला १०००ची धार पुरते. ६०००ची चकाकी मला साशिमी, म्हणजे कच्च्या मासळीचे पातळ काप, कापतानाच उपयोगी पडली होती, कळंगुटला.

निनावी पांढरा-हिरवा "३०००/८०००" दगड पाच-सहाशेला दिसेल. मी घेतला होता. रंग दोन, पण दोन्ही बाजूंवर नख फिरवले तर सारखेच लागत होते आणि पोलाद दोन्ही बाजूंनी सारखेच कमी निघत होते. मापही वाचा. २० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद यापेक्षा लहान दगडावर आठ इंची सुरी नीट फिरत नाही. पार्सल आले की दगड खिडकीच्या काचेवर सपाट ठेवून डुलतो का पाहा आणि बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर वाटेत आत तडा गेला आहे, त्याच दिवशी परत करा.

वापर असा. दगड पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवा, बुडबुडे थांबले की झाले. काही दगडांवर नुसते पाणी शिंपडायचे असते. ते बुडवून ठेवले तर खराब होतात, म्हणून सोबतचा कागद वाचा. दगडाखाली ओले फडके. सुरीची धार काळ्या मार्करने रंगवा. ही युक्ती नवशिक्याला दहा शिकवण्यांएवढी आहे. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल तर १५ अंशांच्या कोनासाठी सुरीची पाठ दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर वर हवी, २० अंशांसाठी १५ मिलिमीटर. तुमच्या सुरीला या दोहोंच्या मधला कोन चालेल. तीन-चारदा घासा आणि बघा. शाई फक्त वरच्या भागातून गेली आणि अगदी काठावर राहिली तर पाठ थोडी उचला. नुसत्या काठावरून गेली तर थोडी खाली घ्या. सगळी शाई एकसारखी गेली की तोच कोन मनगटात धरून ठेवा.

एक बाजू घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला काठावर पोलादाची बारीक झालर उलटते, हॉटेलात आम्ही तिला बर म्हणतो. अंगठा पाठीकडून काठाकडे आणि बाहेर, आडवा ओढलात की ती खरखर लागते. काठाच्या लांबीने अंगठा कधीही फिरवू नका. मुठीपासून टोकापर्यंत बर लागली की सुरी उलटा, नाही तर नाही. लोक इथेच कंटाळतात आणि "मला जमत नाही" म्हणतात. दुसऱ्या बाजूलाही बर आली की मग जोर कमी करत आलटून-पालटून, शेवटी सुरीच्या नुसत्या वजनाने. दगडावर जो काळा चिखल येतो तो धुऊन टाकू नका, तोच काम करतो.

तीन-चार वेळा वापरल्यावर दगड मधे खोलगट होतो. पेन्सिलीने त्यावर चौकटी काढा आणि २२० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ग्रॅनाइटच्या ओट्यावर पसरून त्यावर दगड घासा, रेघा पूर्ण जाईपर्यंत. दारातल्या चिऱ्यावर घासू नका, तो सपाट नसतो. दगडावर खोबरेल तेलही घालू नका. पात्यावर पुसटसे लावायला ते ठीक, पण दगडाची छिद्रे त्याने बुजतात.

पंधरा माणसांच्या रोजच्या कामाला महिन्यातून एकदा दगड पुरतो. दोनशे-तीनशेला मिळणारे, खाचेतून सुरी ओढायचे यंत्र घेऊ नका, ते काठ ओरबाडते. फिरत्या धारवाल्याचे विजेवरचे चाक त्याहून वाईट. पात्यावर निळी झाक आली की तिथले पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले, आणि तिथली धार पुन्हा टिकत नाही. कापायची फळी लाकडाची ठेवा. काच किंवा ग्रॅनाइट धारेला दोन दिवस टिकू देत नाही. आणि आगळ किंवा मीठ लागलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये ठेवू नका, स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात.

आदोळी विकू नका, ताई. नारळ खवायला तिच्याशिवाय दुसरे काही नाही, आणि बांगडे साफ करायला अजून मी तिच्यावरच बसते. तिच्या धारेसाठी हार्डवेअरमधला तो काळा दुहेरी दगडच योग्य, तो मात्र फोंड्याच्या बाजारातूनच घ्या. त्याच्यावर आधी आठ दिवस घरातल्या एखाद्या जुन्या सुरीची धार लावायचा सराव करा, तोवर तुमचा १००० नंबर पोहोचेल.